पुढे तोफा, मागे टॅलॉस: ‘लिटल रॉक’ आणि तिची पाठची-पुढची बहीण

प्रश्न थोडक्यात असा: ‘मुलीकडे अमेरिकेला गेलो होतो. नायगारा बघून झाल्यावर जावयाने बफेलोच्या धक्क्याला लागलेली ‘लिटल रॉक’ नावाची युद्धनौका दाखवली. पुढच्या भागात महायुद्धातल्या वाटाव्यात अशा तोफा आणि मागच्या भागात भलंमोठं क्षेपणास्त्र. एकाच जहाजावर ही दोन युगं कशी? ही नौका कधी लढली का? आणि आपल्या ‘म्हैसूर’ आणि ‘दिल्ली’ या क्रूझरवर असं काही का केलं नाही?’

माझी उमेदीची वर्षं नौदलाच्या गोदीत, जहाजांवरची शस्त्रं उतरवण्या-चढवण्याच्या रिफिटच्या (मोठ्या दुरुस्ती-बदलांच्या) कामात गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

पहिली गोष्ट, एकट्या लिटल रॉकबद्दल बोलून हा विषय कळत नाही. तिच्याबरोबर ‘ओक्लाहोमा सिटी’ घ्यावीच लागते. दोघी फिलाडेल्फियाच्या क्रॅम्प कारखान्यात बांधल्या गेल्या, क्रमांकही लागोपाठचे, 91 आणि 92. दोघींचं रूपांतर एकाच नकाशावरून झालं आणि पुढे दोघी एकेका आरमाराच्या ध्वजनौका, म्हणजे ॲडमिरलचं ठाणं असलेल्या नौका, झाल्या, एक इटलीत तर दुसरी जपानात. एकीला सबंध नोकरीत शत्रूवर क्षेपणास्त्र सोडायची वेळ आली नाही. दुसरीने सोडलं, पण ज्या कामासाठी ते बसवलं होतं त्या कामासाठी नाही. माझं मत आताच सांगून टाकतो. या नौकांवर टॅलॉस क्षेपणास्त्र बसवण्यासाठी जिवाचा आटापिटा केला गेला, पण त्यांना पुढे पंधरा-वीस वर्षं नोकरीत ठेवलं ते ॲडमिरलच्या कचेरीने आणि बिनतारी संदेशांच्या खोल्यांनी.

दोघी ‘क्लीव्हलँड’ वर्गातल्या हलक्या क्रूझर. लांबी 186 मीटर, रुंदी जेमतेम 20 मीटर, वेग 32 नॉटच्या (ताशी सुमारे 59 किलोमीटरच्या) वर. मूळची हत्यारं म्हणजे चार टरेटांत (फिरत्या तोफघरांत) तीन-तीन अशा 6 इंची बारा तोफा, जोडीजोडीने 5 इंची बारा तोफा आणि रिकाम्या कोपऱ्यात जिथे मावेल तिथे विमानविरोधी बंदुका. या ‘मावेल तिथे’ मध्येच पुढच्या दुखण्याचं मूळ आहे. या वर्गाचा सांगाडा युद्धाआधीच्या, दहा हजार टनांची मर्यादा पाळून काढलेल्या आराखड्यांवरून आलेला. युद्ध सुरू झाल्यावर रडार वाढलं, बंदुका वाढल्या, माणसं वाढली, पण खालचा सांगाडा तोच राहिला. वर वजन इतकं साठलं की युद्ध चालू असतानाच कुठे विमान उडवायचं कॅटापल्ट काढ, कुठे टरेटमधला अंतरमापक काढ, असं करून टनाटनाचा हिशेब जुळवावा लागत होता. म्हणजे क्षेपणास्त्राचं नाव निघण्याआधीच ही जहाजं डोईजड होती.

ओक्लाहोमा सिटी डिसेंबर 1944 मध्ये सेवेत आली आणि ओकिनावा, जपान या शेवटच्या मोहिमांत विमानवाहू जहाजांच्या भोवतीच्या कड्यात राहिली. लिटल रॉक 17 जून 1945 ला कमिशन झाली, म्हणजे सेवेत दाखल झाली, पण सराव संपेस्तोवर युद्धच संपलं. मग दक्षिण अमेरिकेची सदिच्छा भेट, भूमध्य समुद्राची फेरी, कॅडेट पोरांना समुद्र दाखवणं, अशी शांततेतली कामं. 1947 ला एक आणि 1949 ला दुसरी, अशा दोघी राखीव ताफ्यात जाऊन पडल्या. सेवा पाहिली तर एकीची अडीच वर्षांची आणि दुसरीची चार, पण जेट विमानांच्या जमान्यात तोफांच्या क्रूझरचं करायचं काय, हा प्रश्न कुणालाच सुटत नव्हता.

उत्तर दुसरीकडे तयार होत होतं. युद्धाच्या शेवटी जर्मनांचे दिशा देता येणारे बॉम्ब आणि जपान्यांचे आत्मघातकी वैमानिक या दोन्हींनी एक गोष्ट दाखवून दिली होती. विमान तोफेच्या टप्प्यात येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. अमेरिकन नौदलाने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला ‘बंबलबी’ नावाच्या कार्यक्रमाखाली लांबून मारणारं अस्त्र बनवायला सांगितलं. त्यातून टॅलॉस, टेरियर आणि टार्टार अशी तीन भावंडं निघाली. टॅलॉस त्यातलं थोरलं. नवीन जहाजं बांधायला पैसा आणि वेळ दोन्ही लागणार, आणि राखीव ताफ्यात तर क्रूझर रांगेने उभ्या. 1955 मध्ये ‘बोस्टन’ टेरियर घेऊन सेवेत परतली, ती जगातली पहिली क्षेपणास्त्र क्रूझर. त्यानंतर क्लीव्हलँड वर्गातल्या सहा नौका निवडल्या. तिघींना टेरियर, तिघींना टॅलॉस. गंमत म्हणजे टॅलॉसवाल्या तिघी, ‘गॅल्व्हस्टन’, लिटल रॉक आणि ओक्लाहोमा सिटी, तिन्ही क्रॅम्पच्याच.

1957 मध्ये काम सुरू झालं. लिटल रॉक न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला न्यूयॉर्क शिपबिल्डिंगकडे, ओक्लाहोमा सिटी सॅन फ्रान्सिस्कोला बेथलेहेम स्टीलकडे. 1960 च्या जूनमध्ये पहिली आणि सप्टेंबरमध्ये दुसरी पुन्हा कमिशन झाली.

आता ‘रूपांतर’ म्हटलं की लोकांना वाटतं, तोफ काढली आणि तिच्या जागी लाँचर बोल्ट केला. तसं नसतं. पिछाडीचे दोन्ही टरेट तर गेलेच. ध्वजनौका करायची म्हणून पुढचा एक टरेटही गेला, कारण ॲडमिरलच्या कर्मचाऱ्यांसाठी ब्रिजखालची (जहाज जिथून हाकतात त्या जागेखालची) इमारत पुढे वाढवायची होती. 5 इंची सहा जोड्यांपैकी एक उरली. म्हणजे बारा मोठ्या तोफांच्या तीन राहिल्या. बफेलोला तुम्ही पाहिल्या त्या याच. हे सगळं काढून जागा कुणाला दिली, तर डेकवर बांधलेल्या एका लांबलचक पोलादी घराला. त्याच्यापुढे दोन प्रचंड मार्गदर्शक रडार, त्यांच्यासाठी जाळीदार मनोरे, त्या मनोऱ्यांवर शोधक रडारांच्या तबकड्या.

तोफेचा टरेट जड खरा, पण त्याच्या वजनाचा मोठा भाग, गोळे, दारू, ते वर चढवायची यंत्रणा, जहाजाच्या पोटात खोल असतो. टॅलॉसचं कोठार मात्र मुख्य डेकच्या वर, कारण जवळजवळ दहा मीटर लांबीची वस्तू उभी करून पोटात उतरवायला या सांगाड्यात जागाच नव्हती. जुन्या वाड्याच्या भिंतींवर तीन मजले चढवावेत तसा हा प्रकार. त्या कोठाराला चिलखतही नव्हतं. चिलखत चढवलं असतं तर जहाज उलटलं असतं.

गोदीत हे कसं तपासतात ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते सहसा बघायला मिळत नाही. मोठा बदल झाला की जहाज शांत पाण्यात आणायचं, दोर सैल सोडायचे, वारा नसलेली पहाट बघायची. आत एखाद्या उंच खोलीत गवंडी वापरतो तसा लांब ओळंबा टांगायचा आणि त्याचं वजन तेलाच्या बादलीत बुडवायचं, म्हणजे तो झुलत राहत नाही. ओळंब्याच्या दोरीमागे आडवी पट्टी. मग डेकवर मोजून आणलेली लोखंडी वजनं क्रेनने या कडेकडून त्या कडेला सरकवायची आणि दर खेपेला दोरी पट्टीवर किती सरकली ते पेन्सिलीने खुणेने टिपायचं. जहाजावरच्या सगळ्यांना सक्त ताकीद, जागेवरून हलायचं नाही. त्या चार-सहा खुणांवरून गुरुत्वमध्य किती वर चढला ते निघतं. दोरी अपेक्षेपेक्षा जास्त सरकली की खोलीत एकदम शांतता होते, कारण त्याचा अर्थ एकच. वरचं काहीतरी काढा, नाहीतर तळात मेलेलं वजन भरा.

या सहाही क्रूझरच्या नशिबी ते आलं. तळात नीरम, म्हणजे नुसतं तोल सांभाळायला भरलेलं वजन, मोठ्या प्रमाणात घालावं लागलं. आतल्या खोल्यांची अदलाबदल झाली, काही रडार उतरवावी लागली. सांगाडा मध्ये फुगून दोन्ही टोकांना वाकतो की काय अशी तक्रारही होती. सगळ्यांत वाईट हाल गॅल्व्हस्टनचे. तिच्यावर पुढचे दोन्ही टरेट ठेवले होते, त्यामुळे ती 1970 मध्येच सेवेतून गेली. म्हणजे हिंदीत म्हणतात तसं आ बैल मुझे मार, दुसरं काय!

पोलादी घराच्या आत जायला मिळालं तर नीट बघा. टॅलॉस आणि त्याचा बूस्टर (सुरुवातीला ढकलणारं रॉकेट) मिळून साडेतीन टन वजन. एकूण सेहेचाळीस क्षेपणास्त्रं बाळगायची सोय, त्यातली थोडीच बूस्टर जोडून तयार, बाकीची सुटी. हल्ल्याची सूचना आली की तयार क्षेपणास्त्र छतालगतच्या रुळावरून पुढे सरकायचं आणि मधल्या खोलीत थांबायचं. तिथे नाविक दोन्ही बाजूंना उभे. एकेक पंख, एकेक शेपूट हाताने उचलून खाचेत बसवायची, ठोकून पक्कं झालं की हात वर करून बाजूला व्हायचं. मग पोलादी दरवाजे उघडून क्षेपणास्त्र बाहेरच्या लाँचरवर. अणुयुगातलं अस्त्र म्हणून जाहिरात झालेली ही यंत्रणा शेवटी चार-सहा पोरांच्या मनगटावर चालायची. आणि जाहिरात खोटी नव्हती, टॅलॉसच्या काही आवृत्त्यांवर खरोखर अण्वस्त्र बसायचं. साध्या स्फोटकाच्या आवृत्तीत टोकांना जोडलेल्या लोखंडी सळ्यांचं वेटोळं असायचं, ते फुटलं की मोठं कडं होऊन विमानाला कापत जायचं.

उडण्याची रीत मात्र मला अजूनही देखणी वाटते. रॅमजेट इंजिनाला उभ्या जागेवरून सुरू होता येत नाही, समोरून हवा जोरात घुसली तरच ते पेटतं. म्हणून आधी घन इंधनाचा बूस्टर काही सेकंद ढकलतो, गळून समुद्रात पडतो आणि रॅमजेट पुढचा प्रवास करतं, आवाजाच्या अडीचपट वेगाने. पल्ला सुरुवातीला 90 किलोमीटरच्या आसपास, नंतरच्या आवृत्त्यांत 180 च्या पुढे. 1960 सालात हा आकडा थक्क करणारा होता. जहाजावरच्या रडारचा झोत धरून ते वर चढायचं आणि शेवटच्या टप्प्यात विमानावरून परतणाऱ्या रडारलहरींच्या रोखाने झेपावायचं.

इथेच त्याची मर्यादाही आहे. मार्गदर्शक रडार दोन, म्हणजे एका वेळी दोनच लक्ष्यं गुंतवता येणार. जवळ आलेल्या विमानाला ते मारू शकत नव्हतं, कारण बूस्टर सुटून झोतात स्थिरावेपर्यंत कित्येक किलोमीटर गेलेले असत. समुद्राला चिकटून येणाऱ्या लक्ष्यावरही त्याचा इलाज नव्हता. उंचावरून अण्वस्त्र घेऊन येणारं सोव्हिएत बॉम्बफेकी विमान डोळ्यांसमोर ठेवून ते घडवलं होतं.

लिटल रॉकच्या सेवेचा मोठा भाग भूमध्य समुद्रात गेला. फ्रान्स नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर पडल्यावर अमेरिकेच्या भूमध्य समुद्रातल्या सहाव्या आरमाराच्या ध्वजनौकेला तिथलं व्हिलफ्रांशचं बंदर सोडावं लागलं, आणि 1967 च्या सुरुवातीला लिटल रॉक इटलीतल्या गाएता या गावी मुक्कामाला आली. नाविकांची बायकापोरंही तिथेच. 1970 पर्यंत ती, मग तीन वर्षं ‘स्प्रिंगफील्ड’, पुन्हा 1973 ते 1976 लिटल रॉक, अशी पाळी चालली.

गाएताला येऊन सहा महिने होत नाहीत तोच सहा दिवसांचं अरब-इस्रायल युद्ध पेटलं. 8 जून 1967 ला सिनाईच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकेच्याच ‘लिबर्टी’ या टेहळणी जहाजावर इस्रायली विमानांनी आणि टॉर्पेडो बोटींनी हल्ला केला. 34 मेले, 171 जखमी झाले. सहाव्या आरमाराचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल विल्यम मार्टिन तेव्हा लिटल रॉकवर, क्रीटच्या बाजूला. मदतीचा पुकारा, विमानवाहू जहाजांवरून विमानं पाठवण्याचे आणि परत बोलावण्याचे निर्णय, वॉशिंग्टनशी चाललेली देवाणघेवाण, हे सगळं या नौकेच्या संदेशखोल्यांतून गेलं. दुसऱ्या दिवशी दोन विनाशिका आधी पोचल्या, मागोमाग ‘अमेरिका’ विमानवाहू आणि लिटल रॉक, आणि हेलिकॉप्टरने जखमी हलवायला सुरुवात झाली. त्या दोन दिवसांत टॅलॉसच्या घराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसेल. बिनतारी खोलीत मात्र कुणी पाठ टेकली नसेल.

ऑक्टोबर 1973 चा प्रसंग त्याहून धोक्याचा. योम किप्पूर युद्धात अमेरिका इस्रायलच्या आणि सोव्हिएत संघ इजिप्त-सीरियाच्या पाठीशी. महिनाअखेर भूमध्य समुद्रात सोव्हिएत जहाजांची संख्या नव्वदीच्या पुढे गेली, अमेरिकेची साठीच्या घरात. आरमाराचे तेव्हाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल डॅनियल मर्फी लिटल रॉकवर. सोव्हिएतांची पद्धत अशी की एक विनाशिका अमेरिकन जहाजाच्या मागे सावलीसारखी लावायची. ती मिनिटामिनिटाला जागा कळवणार, आणि हुकूम आला की लांब थांबलेल्या पाणबुड्या आणि क्रूझर जहाजनाशक क्षेपणास्त्रं एकदम सोडणार. अशा वेळी दोन मार्गदर्शक रडारांची नौका किती क्षेपणास्त्रं अडवणार? धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, दोन, फार तर चार. पहिला तडाखा ज्याचा, त्याचं पारडं जड, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. सुदैवाने महिनाअखेरीनंतर ताण उतरला.

ओक्लाहोमा सिटी पॅसिफिकला गेली. मधली काही वर्षं ‘प्रॉव्हिडन्स’कडे पाळी होती ती सोडली, तर 1960 पासून 1979 पर्यंत सातव्या आरमाराची ध्वजनौका तीच, मुक्काम जपानमधल्या योकोसुकाला. ‘सातवं आरमार’ हे शब्द आपल्याकडच्या एका पिढीने डिसेंबर 1971 मध्ये आकाशवाणीवर धडधडत्या छातीने ऐकले. बंगालच्या उपसागरात आलेला ताफा ‘एंटरप्राइझ’ या अणुशक्तीवरच्या विमानवाहू जहाजाभोवतीचा होता. पण त्या आरमाराची ध्वजनौका तेव्हा हीच.

व्हिएतनाममध्ये तिने सगळ्यात जास्त वापरली ती जुनी तोफ. 48 किलोच्या आसपासचा गोळा जवळपास 24 किलोमीटरवर टाकणारा तीन तोफांचा तो एकुलता टरेट किनाऱ्यावर वर्षानुवर्षं मारा करत राहिला. ज्या वस्तूंना कालबाह्य म्हणून गोदीत उतरवलं होतं, त्यांच्यातली उरलेली एक सर्वांत जास्त राबली.

टॅलॉसने व्हिएतनाममध्ये विमानं पाडली, पण ती दुसऱ्या नौकांनी. 1968 मध्ये ‘लाँग बीच’ने आणि मे 1972 मध्ये ‘शिकागो’ने. ओक्लाहोमा सिटीच्या वाट्याला वेगळाच मान आला. शत्रूच्या रडारलहरींचा माग काढत जाणारी टॅलॉसची खास आवृत्ती तयार झाली होती, आणि फेब्रुवारी 1972 मध्ये तिने ती उत्तर व्हिएतनाममधल्या एका फिरत्या रडारगाडीवर सोडली. रडार उद्ध्वस्त झालं. अमेरिकन नौदलाने जहाजावरून पृष्ठभागावरच्या लक्ष्यावर युद्धात सोडलेलं ते पहिलं यशस्वी क्षेपणास्त्र. विमान पाडायला आणलेल्या यंत्राने एक गाडी फोडली, आणि इतिहासात नोंद झाली ती त्याचीच.

दोनच महिन्यांनी, 19 एप्रिल 1972 ला, उलटी बाजू दिसली. उत्तर व्हिएतनाममधल्या डोंग होईच्या किनाऱ्यासमोर ओक्लाहोमा सिटी, ‘स्टेरेट’, ‘लॉइड थॉमस’ आणि ‘हिग्बी’ या नौका तोफांचा मारा करत असताना डोंगराआडून दोन मिग-17 लढाऊ विमानं खालून आली. ले शुआन दी या वैमानिकाचा बॉम्ब हिग्बीच्या मागच्या तोफेवर पडून ती उडाली. गोळा अडकल्यामुळे तोफेतली माणसं थोडा वेळ आधीच बाहेर आली होती, म्हणून जीव वाचले. न्गुयेन व्हान बाय (या नावाचे दोन वैमानिक होते, हा धाकटा) ओक्लाहोमा सिटीवर आला. नुकसान किरकोळ झालं. पण विचार करा, त्या काळातलं जहाजावरचं सगळ्यात लांब पल्ल्याचं विमानविरोधी अस्त्र बाळगणारी नौका, आणि समोरून आलेल्या पन्नाशीच्या दशकातल्या विमानांपुढे ते अस्त्र कुचकामी, कारण विमानं खाली होती आणि जवळ होती. वर सांगितलेल्या मर्यादेचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. स्टेरेटने टेरियरने एक मिग पाडल्याचं अमेरिकन बाजूचं म्हणणं आहे.

मग एप्रिल 1975. सायगाव पडलं त्या दोन दिवसांत सुटकेच्या मोहिमेवरची देखरेख याच नौकेवरून सातव्या आरमाराचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल जॉर्ज स्टील करत होते. किनाऱ्यावरून माणसांनी खच्चून भरलेली हेलिकॉप्टर दिसेल त्या जहाजाकडे येत होती. ओक्लाहोमा सिटीच्या पिछाडीला लाँचरच्या मागे एकच छोटा हेलिपॅड. तिथेही ती उतरली. इथेही कामाला आला तो हेलिपॅड आणि संदेशखोली.

लिटल रॉक नोव्हेंबर 1976 मध्ये सेवामुक्त झाली आणि पुढच्याच वर्षी बफेलोला आली. क्लीव्हलँड वर्गातली उरलेली ती एकटी. तिच्या शेजारची विनाशिका ‘द सुलिव्हन्स’ एप्रिल 2022 मध्ये पाणी शिरून धक्क्यालाच कलली होती, ही बातमी तुम्ही वाचली असेल. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी पोलादाला बरं, पण जुन्या तळाचा पत्रा शेवटी झिजतोच. एक गंमत: लिटल रॉकच्याच नावाची नवी नौका डिसेंबर 2017 मध्ये याच धक्क्यावर, थोरलीच्या शेजारी कमिशन झाली. बाहेर पडताना बर्फाने माँट्रियलला अडकली, आणि 2023 मध्ये सेवेतून गेलीसुद्धा. सहा वर्षं पुरती नाही झाली.

ओक्लाहोमा सिटी डिसेंबर 1979 पर्यंत खेचली. टॅलॉसही त्याच वर्षी निवृत्त झालं. उरलेली क्षेपणास्त्रं ‘व्हँडल’ या नावाने सरावासाठी पळतं लक्ष्य म्हणून वापरली गेली, कारण समुद्राजवळून वेगाने येणाऱ्या शत्रूच्या क्षेपणास्त्राचं सोंग त्यांना चांगलं जमायचं. नौकेचा शेवटही लक्ष्य म्हणूनच. मार्च 1999 मध्ये ग्वामजवळच्या सरावात तिच्यावर मारा झाला आणि दक्षिण कोरियाच्या पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडाली.

हा उद्योग एकट्या अमेरिकेने केला असं नाही. इटलीने ‘गारिबाल्दी’ या क्रूझरवर टेरियर बसवलं, शिवाय पोलारिस या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रासाठी चार नळ्या ठेवल्या. पोलारिस कधी आलंच नाही. सोव्हिएतांनी ‘झेर्झिन्स्की’वर जमिनीवरून विमानं पाडणारं एस-75 चढवून पाहिलं, म्हणजे आपल्या हवाई दलाकडेही जे होतं त्याच घराण्यातलं. द्रवरूप इंधनाचं ते अवजड अस्त्र जहाजाला मानवलं नाही आणि दुसऱ्या क्रूझरवर तो प्रयोग झाला नाही.

राहिली म्हैसूर आणि दिल्ली. दिल्ली म्हणजे 1939 मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत असलेली ‘अकिलीस’. म्हैसूर म्हणजे ब्रिटिशांची ‘नायजेरिया’, 1940 ची. गोवा मुक्तीच्या वेळी दिल्ली दीवसमोर आणि म्हैसूर अंजदीवसमोर होती. 1971 मध्ये म्हैसूर पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती. दोघींचा सांगाडा तेव्हा तिशी ओलांडलेला. त्यावर वर सांगितलेला सगळा खटाटोप करायचा, तर पैसा बाजूला ठेवा, अस्त्र देणार कोण? आणि खरं सांगायचं तर तोवर गरज उरली नव्हती. ऑक्टोबर 1967 मध्ये इजिप्तच्या छोट्या बोटींनी सोव्हिएत बनावटीच्या स्टिक्स या जहाजनाशक क्षेपणास्त्रांनी इस्रायलची ‘एलात’ बुडवली होती. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या जेमतेम दोनशे टनांच्या बोटी कराचीसमोर पोचल्या आणि निर्घातने ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली. पंधरा हजार टनांच्या क्रूझरला संपूर्ण सेवाकाळात जे करावं लागलं नाही, ते या बोटींनी एका रात्रीत केलं.

आपल्याकडे जुन्या जहाजावर क्षेपणास्त्र चढलं ते याच अनुभवानंतर, आणि क्रूझरवर नाही. ‘तलवार’ या फ्रिगेटची पुढची 4.5 इंची तोफ उतरवून तिथे स्टिक्सचे तीन लाँचर बसवले, तेही सेवेतून काढलेल्या बोटींवरचे. बंद पेटीत बसून येणारं अस्त्र, हाताने पंख लावायला वेगळं घर नको, डेकवर दोन मजली कोठार नको, तळात नीरम ओतायला नको. म्हैसूर मात्र 1985 मध्ये निवृत्त होईपर्यंत तोफांवरच राहिली, आणि शेवटची बरीच वर्षं तिने कॅडेट घडवले.